मामा जेवायला येतात

गुंड म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? टीव्हीवरच्या अमेरिकन मालिकेतला तो टोपीवाला, तोंडात सिगार, कोटाच्या आत पिस्तूल. आमच्याकडे यायचा त्याच्या हातात केळ्यांची पिशवी असायची. दाराबाहेर चपला नीट जोडून काढायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आज काय बेत?"

वादी कबीरपासून बौशरपर्यंत सगळे त्याला मामा म्हणत. साठीला आलेला, आमच्या कोकणातलाच, अर्धं आयुष्य मस्कतमध्ये काढलेला. कागदोपत्री एसी दुरुस्तीचा फोरमन, खरा धंदा क्रिकेटवरच्या सट्ट्याचा. लोकांचे पैसे लावून घ्यायचे आणि हरलेल्यांकडून वसूल करायचे. माझा नवरा गॅरेजमध्ये सुपरवायझर. हा शहाणाही लावत होता, ते मला कळलं तेव्हा पार हरून बसला होता. किती, ते मी विचारलं. आकडा ऐकून हातातलं लाटणं आधी खाली ठेवलं, नाहीतर त्याच्या टाळक्यात बसलं असतं.

मामा पैसे मागतच नसे. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बरोब्बर पानं वाढायच्या वेळेला हजर. सुरमईचा काटा काढता काढता म्हणे, "तुमचा अर्बाब देवमाणूस हो. पण जुगाराचं नाव काढलं की फार चिडतो म्हणतात." बस्स, एवढंच. अर्बाब म्हणजे नवऱ्याचा मालक. त्याला एक फोन गेला की नोकरी खलास, व्हिसा खलास, आम्ही तिघं विमानात. पोरगी दहावीला. तिचं वर्ष अर्ध्यावर मोडणार या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नसे, आणि हा मेला माझ्याच समोर बसून सोलकढीची दुसरी वाटी मागे.

एकदा मी विचारलंच, "मामा, लोक म्हणतात तुम्ही मारता. खरं का?"

तो हसला. "पूर्वी हात चालवायचो, वहिनी. कामगारांच्या कॅम्पात एकाच्या बोटांवर एसीचा कंप्रेसर सोडला होता. तरुण होतो. आता शुगर आहे. आता नुसता जेवतो."

पोरगी शेजारीच बसली होती. तिचं मराठी बेताचं. "आई, बोटं म्हणजे फिंगर्स ना?" तिने विचारलं.

"जेव गपचूप," मी म्हटलं.

जेवता जेवता तो आपली सगळी कथा सांगे. आला तेव्हा हेल्पर होता, कॅम्पात शुक्रवारी पत्त्यांचा डाव मांडायला लागला, मग पत्ते सोडून क्रिकेटवर आला. लग्न केलं नाही. गावी एक बहीण आहे, ती याचं तोंड बघत नाही. हे सांगताना त्याचा आवाज बसला. माझ्या नवऱ्याने तेवढंच बरोबर टिपलं. दिवाळीच्या तोंडावर मला म्हणतो, "यंदा भाऊबीजेला मामाला ओवाळ ना. बहिणीचं घर कोण मोडतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, लाज आहे का काही? जुगार तुम्ही खेळायचा आणि भाऊ मी करायचा? माझा सख्खा भाऊ गावी बसलाय, त्याला मी फोनवर ओवाळते. आणि या बोटंमोड्याला पाटावर बसवू?"

"पोरीचा विचार कर," तो म्हणाला.

तिथेच मला धरलं त्याने. पोरीचं नाव काढलं की माझी जीभ बंद होते, हे त्याला पक्कं ठाऊक. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तबक घेतलं. मामाच्या कपाळावर कुंकू रागाने जरा जोरातच टेकवलं. आणि तो एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडला हो! डोळे पुसत तबकात वीस रियालची नोट टाकली. म्हणाला, "ताई, भावोजींचा हिशोब आजपासून खलास."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी देवापुढे साखर ठेवली. फक्त नवरा शुक्रवारी घरात दिसेना. इस्त्रीचा शर्ट घालून, सेंट मारून दुपारी बाहेर पडे. गॅरेजमध्ये अर्जंट काम, म्हणे. संध्याकाळी आला की भूक नाही. मला वाटलं, पुन्हा सट्टा लावतोय. तसं असतं तर परवडलं असतं.

मग एके दिवशी मस्कतमधल्याच अझैबाहून एका बाईचा फोन आला. नंबर तिने शाळेतल्या कुठल्याशा आईकडून मिळवला होता. वसईची, वयाने लहान, नवरा हॉटेलच्या किचनमध्ये. घाबरत घाबरत बोलत होती. "ताई, तुमचे मिस्टर दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात ना, म्हणून विचारते. त्यांना मासे आवडतात की मटण? आमचे हे म्हणतात, त्यांना खूश ठेव, नाहीतर ते साहेबांना फोन करतील."

"तुमचे हे सट्टा लावतात का?" मी विचारलं. ती रडायलाच लागली.

म्हणजे हिशोब असा खलास झाला होता! मामाला शुगर, गुडघे दुखतात, घरोघरी जेवायला माणूस हवा. मेव्हणाच मिळाला, आणि तोही फुकटात. ओवाळलं मी, आणि दोघांनी मिळून मामा मलाच बनवलं.

नवऱ्याला मी अवाक्षर बोलले नाही. शुक्रवारी तो आंघोळीला गेल्यावर टॅक्सी केली आणि अझैबाला त्या बाईकडे जाऊन बसले. तिला सांगितलं, "तू वाढ. बाकीचं मी बघते." तिचा नवरा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्यांची मुलगी पाच-सहा वर्षांची, टेबलाखाली लपली होती. बेल वाजली. माझा नवरा आला, चपला काढल्या, हात धुतले. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी बसला! हळूच मला म्हणतो, "अगं, घरी बोलू. इथे मला मान आहे."

मान! सोळा वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर, असला मान त्याला गॅरेजात कोणी दिला नव्हता, घरी मीही दिला नव्हता. त्याला चव लागली होती. भात कालवायला त्याने हात पुढे केला.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, असं माझी आई सांगायची. वैऱ्यालाही नाही. मामालाही मी कधी उठवलं नव्हतं. मी ताट ओढलं. "ऊठ," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "ऊठ, तुला सांगतेय. पोरं टेबलाखाली लपतात तुला बघून. ऊठ आधी!"

तो उठला. हात तसाच भाताचा. ती बाई पाणी घेऊन धावली, तिला मी थांबवलं.

खाली गाडीत बसल्यावर त्याने भाताच्या हातानेच किल्ली लावली. मग म्हणाला, "आता मामाला काय सांगू?"

"सांग त्याला, तुझ्या बहिणीने मला ताटावरून उठवलं."

"तो फोन करील गं अर्बाबला."

"करू दे."

म्हटलं खरं. पोरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि फोन अजून गेलेला नाही. रोज संध्याकाळी नवरा दारात आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, आणि मग शिव्या घालायला सुरुवात करते.