सुतळीवरचं शहर

गिरगावच्या नाक्यावर रोज सकाळी एक म्हातारा व्हिक्टोरियावाला आपली घोडागाडी घेऊन उभा असायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो हे कळल्यापासून तो माझ्याकडे रोज एक शब्द मागायचा. आजारी मडमेला घेऊन निघालेल्या एका साहेबाचं बोलणं न कळल्यानं त्यानं गाडी इस्पितळाऐवजी बाजारात नेली होती. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

शब्द मिळाला की तो गाडीच्या कंदिलाला बांधलेल्या सुतळीला गाठ मारायचा. चर्च, मार्केट, बँक, हॉस्पिटल, स्टेशन. गाठींवरून अंगठा फिरवत तो जप केल्यासारखे शब्द म्हणायचा. मधलाच एखादा विचारला तर मात्र अडायचा. पुन्हा चर्चपासून निघावं लागायचं. मी हसलो की तोही हसायचा. "मास्तर, रस्ता सोडून बँक कशी येईल?"

शेवटी वीतभर सुतळी उरली. "आता घराला काय म्हणतात ते सांगतो," मी म्हणालो.

"नको मास्तर," त्यानं सुतळी मुठीत धरली. "ती वाट मला कोण विचारतंय? संध्याकाळी लगाम सैल सोडतो, घोडाच नेतो."