टाकीला झालेलं अपचन

माझ्या थोरल्या जाऊबाई भातकुलीजवळ शेतावर राहतात. दारात दोन म्हशी, घरामागे पऱ्हाटीचा ढीग. कापूस वेचून झाला की उपटलेली ती झाडंच वर्षभराचं सरपण. गॅसचं सिलिंडर आहे, पण ते पाहुण्यांसाठी राखलेलं. चुलीपाशी बसून बसून त्यांचा खोकला हटेनासा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पण आधी धूर बंद करा.

अमरावतीला माझ्या गच्चीवर गोबरगॅस आहे. अकोल्याच्या एका कृषी मेळाव्यात पाहिला आणि प्लास्टिकच्या दोन टाक्या आणून घरीच जोडला. खालच्या टाकीत शेणकाला आणि खरकटं, तीत दुसरी टाकी उपडी. गॅस झाला की ती वर उचलली जाते. चहा, वरण, भात त्यावर होतं. भाकरीला सिलिंडर लागतंच.

"दारात दोन म्हशी असून तुम्ही धूर खाता," मी जाऊबाईंना म्हटलं.

"आंधी तुह्या घरी जाळ पाहीन, मंग माह्या आंगनात येऊ देईन. गावात एकाचा गोबरगॅस होता. आता त्याच्यावर कोंबड्या बसतात."

फेब्रुवारीत लग्नाच्या खरेदीसाठी त्या येणार होत्या. त्याच्या आठवडाभर आधी माझ्या नवऱ्याच्या मित्राने वरुडहून झाडाखाली पडलेली पोतंभर संत्री पाठवली. मी रस काढून बाटल्या भरल्या आणि सालं वाळायला गच्चीवर पसरली. नवऱ्याने आजवर त्या टाकीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. नेमका त्या दिवशी त्याला उत्साह आला. सगळी सालं टाकीत ढकलली आणि खाली येऊन मला सांगितलंही, शाबासकी मिळेल म्हणून.

संत्र्याच्या सालीतलं तेल टाकीतल्या जंतूंना सोसत नाही. दोन-तीन दिवसांत वरची टाकी खाली बसली. हाताला लागली तेवढी सालं मी काढली, चुन्याची निवळी घातली, खरकटं बंद केलं. शेगडी पेटेना.

जाऊबाई यायच्या सकाळी नवरा म्हणाला, "सिलिंडरवर कर न चहा. वहिनीले काय कळते, नळी कुठून आली ते?"

"त्या आधी नळीच पाहतील."

शिवाय खोटा जाळ दाखवून टाकी त्यांच्या अंगणात नेली असती, तर ती पहिल्यांदा रुसली त्याच दिवशी तिच्यावर कोंबड्या बसल्या असत्या आणि जाऊबाई चुलीपाशी.

त्या आल्या आणि हातातली पिशवी न ठेवताच म्हणाल्या, "दाखव जाळ."

"जाळ नाही. टाकी आजारी आहे."

त्यांना गच्चीवर नेऊन मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी वाकून वास घेतला.

"आंबट झालं." मग नवऱ्याकडे वळून, "भाऊजी, पोळ्याले तुमीच न आमच्या म्हशीले पुरनाच्या पोळ्या चारल्या होत्या? दोन दिवस रवंथ नाई केली तिनं."

"प्रेमानं चारल्या होत्या," नवरा म्हणाला.

"मग म्हशीचं काय केलं?" मी विचारलं.

"काय करा लागते? खानं बंद ठेवलं, काढा पाजला, वाट पायली. उठली." त्यांनी टाकीवर हात ठेवला. "म्हंजे हे मशीन नोहे?"

"नाही. खाल्लेलं पचलं तरच चालतं."

"मले वाटे मशीन आहे. मशीन बिघडली का मिस्त्री पायजे, अन् मिस्त्री खेड्यात येत नाई. खाऊन पचवनारं असन त मले जमते. आन टाक्या."

चहा सिलिंडरवरच झाला.

माझी टाकी होळीच्या सुमारास वर आली. दरम्यान दोन नव्या टाक्या टेम्पोत घालून मी भातकुलीला नेल्या आणि जोडून आले. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी जाऊबाईंचा फोन आला.

"पेटलं. भाकरी बी झाली."

"आणि खोकला?"

"आहे. पन भाकरी टाकता टाकता उठून बाहीर जा लागत नाई." मग म्हणाल्या, "भाऊजीले सांग, अखजीले आंबे खाले या. सालं मात्र माह्या हाती द्या म्हना."

मी निरोप दिला. नवरा जरा दुखावला, पण आंब्यांना गेला.