यंत्रानं सांगितलेलं कूळ

ओके-इलेके गावात ज्याला आपली गोष्ट पोटात ठेवायची असेल त्यानं बस-थांब्यावरच्या बदामाच्या झाडाखालून जाऊ नये. तिथं मोजिरोला ओडेयेमी बसते. सगळं गाव तिला ‘इया पेपर’ म्हणतं, म्हणजे पेपरवाली आई. पुढ्यात फळीचं टेबल, फळीवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर नदीतले गोटे, आणि टेबलाभोवती उभे राहून फुकट वाचणारे वीस-पंचवीस बापे. नऊच्या बसनं इबादानहून गठ्ठा येतो. दहापर्यंत देश चालवून होतो, आणि अकरापर्यंत उरलेलं जग.

फुकट वाचणाऱ्यांना इया कधी हाकलत नाही. तिचा नवरा वर्तमानपत्रांची गाडी चालवायचा, हे टेबलही त्यानंच मांडलेलं. तो गेल्यावर लोक म्हणाले, आता ही टेबल विकेल. हिनं टेबल धुतलं, उन्हात वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यामागे बसली. पैसे देऊन पेपर नेणारे मोजकेच. पण ते थांबतात ते या फुकट्यांचं भांडण ऐकायला, हे तिला पक्कं ठाऊक. वय एकसष्ट. भुवया अजून काजळानं कोरते. कुणासाठी, हे मी सांगणार नाही. अल्हाजी गबदामोसींना विचारा, ते लाजतील.

हे अल्हाजी पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे. संगणक आले, टाइपरायटर भंगारात गेले, आणि तेव्हापासून अल्हाजींचं यंत्रांशी पिढीजात वैर. त्यांच्या समोर उभे राहतात ओयेवुमी मास्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची सून फोनवर रोगी तपासते, म्हणून त्यांना जगातलं प्रत्येक नवं यंत्र आपल्या सुनेसारखं गुणी वाटतं. या दोघांत ठिणगी पाडायची आणि मग पेपरची घडी घालत शांत बसायचं, ही इयाची जुनी खोड.

अलीकडे पहिल्या पानावर मंत्र्यांपेक्षा मोठाल्या यंत्र-कंपन्याच जास्त. झाडाखाली त्यांची चर्चा चालते ती एका घरातल्या सवतींसारखी. फोन विकणारी ती थोरली, माहेरचा तोरा, लुगड्याचा पदर जमिनीला लागू देत नाही. काहीही शोधून देणारी ती दुसरी, सगळ्यांच्या पेट्यांत काय आहे हे तिला पाठ. जिच्याकडे सगळे आपले फोटो लावतात ती तिसरी, चूल पेटवत नाही पण अंगणात माणसं बसवून ठेवते. आणि परवा आलेली, बोलणारं यंत्र विकणारी, ती धाकटी. गोड बोलते, प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर, स्वयंपाकघर मात्र अजून पाहिलेलं नाही. एकदा कुणी विचारलं, मग या घरात नवरा कोण? इया म्हणाली, नवरा तिकडे परदेशात शेअर मोजतोय, आपण भांडी घासणारे.

एका कंपनीनं एका सकाळी हजारो माणसांना चिठ्ठी पाठवून घरी बसवलं, ती बातमी आली त्या दिवशी मास्तरांनी प्रगती, बाजार वगैरे समजावून सांगायला घेतलं. इयानं त्यांना मधेच थांबवलं. “मास्तर, कोंबडी कापायची तरी आधी तिला पाणी पाजतात.” मास्तरांनी भाषण अर्ध्यात सोडून पान उलटलं. हे वर्षातून एकदाच घडतं.

तर अशा या झाडाखाली एक दिवस लागोसहून डोटुन नावाचा पोरगा आला. पोरगा म्हणजे तिशीचा, पायात पांढरे बूट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. थोरांपुढे पुरुषानं जमिनीवर आडवं व्हायचं असतं. यानं बोटाची टोकं जमिनीला लावली आणि उठला. इया म्हणाली, “बूट मळतील म्हणून थांबलास की पाठीला दुखणं आहे?” सगळे हसले. पोरगा हुशार, तोही हसला आणि पुरता आडवा झाला.

त्याचं म्हणणं असं. त्याची कंपनी बोलणाऱ्या यंत्राला आमची योरुबा भाषा शिकवते आहे. पुस्तकातली योरुबा त्यांच्याकडे भरपूर होती, हवी होती ती भांडणातली, थट्टेतली. तशी भाषा या झाडाखाली रोज सांडते. तेव्हा कंपनी इथं पक्कं छप्पर घालील, बाक टाकील, मोठा पडदा लावील, त्या पडद्यावर जगातले सगळे पेपर फुकट. छपराला कान असतील, ते ऐकत राहतील. आणि इया तिथली मुख्य, तिचा फोटो दारावर.

इयानं विचारलं, आणि मी नाही म्हटलं तर? उत्तर दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या चेअरमनकडून कागदावर आलं. बस-थांब्याची जागा कौन्सिलची, ती कंपनीला दिलेली आहे, शुक्रवारी उद्घाटन. इयाची सही झाली तर टेबल छपराखाली राहील, नाहीतर शनिवारी उचललं जाईल.

कराराचा कागद मास्तरांनी मोठ्यानं वाचला. छपराखाली जो आवाज निघेल तो कंपनीचा, सर्व काळासाठी आणि संपूर्ण विश्वात. अल्हाजींनी तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, माझ्या बायकोला माझं म्हणणं स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत ऐकू येत नाही, आणि यांना ते चंद्रावर हवंय. मास्तर म्हणाले, आपली भाषा यंत्रात गेली नाही तर उद्या आपली नातवंडं यंत्राशी परक्या भाषेत बोलतील, त्याचं काय? अल्हाजी म्हणाले, माझी नातवंडं माझ्याशी बोलतील तर पुरे आहे. खरं सांगायचं तर मास्तरांचं म्हणणंही अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं, आणि इयाला ते टोचलं.

मग तिनं एक गंमत केली. बुधवारी सकाळी तिनं सगळ्यांना सांगितलं, आज असं बोला की छपराचे कान लागलेले आहेत आणि चेअरमन ते कान लावून बसला आहे. बस्स. त्या दिवशी त्या टेबलाभोवती जे झालं ते मेलेल्या माणसाच्या घरीही होत नाही. एकानं हवेबद्दल सांगितलं. दुसऱ्यानं दुजोरा दिला. रस्त्याच्या ठेक्याची बातमी सगळ्यांनी वाचली आणि सगळे खोकले. कधी नव्हे ते अल्हाजींनी मास्तरांना ‘आपलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे’ असं म्हटलं, तेव्हा समोरची आकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळणारी बाई झारा हातात घेऊन पाहायला आली की कुणी आजारी आहे का. साडेदहाला झाडाखाली कुणी नव्हतं.

तरीही इया सही करणार होती. हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं तसं गुरुवारी सांगितलं, आणि अल्हाजी तडक उठून गेले. तिला दुसरी जागा नव्हती. नवऱ्याचं घर गावाच्या टोकाला, तिथं बस थांबत नाही आणि बकरीसुद्धा वाट चुकल्याशिवाय येत नाही. माहेर थांब्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, विणकरांची जुनी वाडा-वस्ती, पण चाळीस वर्षांत तिनं माहेराकडे मीठसुद्धा मागितलेलं नाही. ताठा, दुसरं काय. तिनं स्वतःला समजावलं की आधी टेबल वाचवू, मग कानांत बोळे कसे घालायचे ते पाहू.

शुक्रवारी थांब्यावर निळा मांडव पडला. खुर्च्या, ढोलवाले, चेअरमन, कंपनीची दोन परदेशी माणसं घाम पुसत. इयानं डोक्याला लग्नातलं फडकं बांधलं होतं. टेबलावर करार, करारावर पेन. डोटुन माइकवर म्हणाला की सही आधी नाही, सहीपूर्वी यंत्र इयाला तिच्या कुळाची ओरिकी ऐकवणार आहे.

इथं पोरानं खरी चलाखी केली होती. ओरिकी म्हणजे कुळाची बिरुदावली. ती कानावर पडली की आमच्याकडच्या माणसाचं डोकं फुलतं, डोळे भरतात, आणि हात आपोआप द्यायला पुढे होतो. ओरिकी ऐकून कुणी कुणाला नाही म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही. डोटुन अर्धा लागोसचा असला तरी आजीनं वाढवलेला होता, त्याला हे बरोबर माहीत होतं.

पडद्यावर उजेड आला आणि यंत्र बोललं. आवाज बाईचा, पिकलेला, खरंच गोड. आधी त्यानं तिला सकाळचं अभिवादन केलं, मग कष्टाचं, मग गर्दीत उभं राहण्याचं, एकही चुकलं नाही. म्हाताऱ्या बायांनी हुंकार दिला. इयाचे खांदे सैल झाले. मग ढोल थांबले आणि यंत्र गाऊ लागलं.

“मोजिरोला, बिबट्याच्या पायवाटेवर झोपणाऱ्यांची लेक. धनुष्य उशाला घेणाऱ्यांची लेक. रानाला विचारल्याशिवाय ज्यांच्या घरी चूल पेटत नाही, त्या शिकाऱ्यांची लेक...”

यंत्र गात राहिलं. चेअरमन टाळ्या वाजवत होता, परदेशी माणसं त्याच्याकडे बघून वाजवत होती. गाव मात्र एकमेकांकडे बघत होतं. मग मागून एक म्हातारी खुदकन हसली, आणि ते हसू खुर्च्यांच्या रांगांतून भाताला कढ यावा तसं वर आलं.

इया उठली. डोटुनच्या हातातून माइक घेतला.

“हे शिकाऱ्यांचं कूळ माझ्या नवऱ्याचं,” ती म्हणाली. “ही त्यांची ओरिकी. सासरी आल्यापासून मी रोज सकाळी त्यांना ऐकवायचे. चांगली आहे. पण मी त्या घरची सून. हे मला तिथली लेक म्हणतंय. म्हणजे मी तीस वर्षं माझ्या सख्ख्या भावाशी संसार केला?”

आता कुणाला हसू आवरेना. ढोलवाल्याचा ढोल गडगडत खाली गेला. डोटुन लालबुंद झाला असता, पण रंग सावळा म्हणून वाचला. तो हळूच सांगायला लागला की कौन्सिलच्या विधवांच्या यादीत तिचं आडनाव नवऱ्याचंच आहे, यंत्राला तेवढंच मिळालं, ही किरकोळ चूक एका दिवसात दुरुस्त होईल.

“बाळ, चूक तू दुरुस्त करशील, मला माहीत आहे,” इया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच चेअरमनला भय वाटलं. “पण माझ्या बापाचं नाव विचारायला तुला मुद्दाम चालत यायची गरज नव्हती. तू इथं तीनदा आलास, माझ्या हातचं पाणी प्यालास. यादी उघडलीस, मला नाही विचारलंस. ज्याला मी कुणाची लेक हे विचारावंसं वाटत नाही, त्याला माझं बोलणं संपूर्ण विश्वात कशाला हवंय?”

चेअरमन पुढे झुकून म्हणाला, “इया, पाहुण्यांसमोर तमाशा नको. सही करा. नाहीतर उद्या टेबल उचललं जाईल.”

“उद्याची वाट कशाला पाहता,” इया म्हणाली आणि पेन त्याच्या खिशाला नीट अडकवलं. “मी आजच उचलते.”

मग ती रस्त्याच्या पलीकडे तोंड करून उभी राहिली आणि स्वतःच गायली. बाईमाणूस स्वतःची ओरिकी स्वतः गात नाही, लोक नावं ठेवतात. ठेवली असतील. निळीत कोपरापर्यंत हात बुडवणाऱ्यांची लेक. ज्यांच्या मागाची खटखट ऐकायला राजा झोपेतून उठतो, त्यांची लेक. धागा तुटला तर जे गाठ मारतात पण माग सोडत नाहीत, त्यांची लेक. गळा काही गोड नव्हता. तिसऱ्या ओळीला पलीकडच्या वस्तीतले माग थांबले. चौथ्या ओळीला तिचा धाकटा चुलता, काठी टेकत, दारात आला आणि पाचवी ओळ त्यानं उचलली. मग आतून सुना, लेकी, लहानथोर. आमच्याकडे लेक सासरी गेली तरी बापाच्या वस्तीवरचा तिचा हक्क जात नाही, फक्त तो मागायचा असतो. इयानं मागितला नव्हताच. आता भर रस्त्यात, चाळीस वर्षांच्या व्याजासकट, गाऊन मागितला.

म्हाताऱ्यानं काठीनं भिंतीलगतची जागा दाखवली. ती जमीन कुळाची, कौन्सिलचा कागद तिथं पोचत नाही, हे चेअरमनला त्याच्या वकिलाशिवायच कळलं.

टेबल उचलायला पहिले पुढे आले अल्हाजी. गुरुवारपासून रुसलेले, आज मांडवाच्या मागे लपून सगळं बघत होते. दुसरं टोक मास्तरांनी धरलं. रस्ता ओलांडताना दोघांचं भांडण लागलं. मास्तर म्हणत होते की यंत्राचं अभिवादन बिनचूक होतं हे मान्य करा. अल्हाजी म्हणत होते, अभिवादन तर बोकडालाही शिकवता येतं. एक बस ब्रेक मारून थांबली, ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, दोघांनीही त्याला थांबायला सांगितलं, कारण मुद्दा संपला नव्हता.

डोटुन चार दिवसांनी आला. यंत्र दुरुस्त झालं होतं, आता ते विणकरांची ओरिकी म्हणत होतं, आणि त्याला ती इयाला ऐकवायची होती. इयानं त्याला आकारा खायला घातला, आजीची चौकशी केली, आणि फोन खिशातच ठेवायला सांगितला. पलीकडे बदामाखाली कंपनीनं मग छप्पर घातलंच, ते आहे अजून. बाक चांगले आहेत, बसची वाट बघणारे तिथं बसतात, कान लावलेल्या छपराखाली तोंड मिटून. मग बोलायचं झालं की उठतात आणि रस्ता ओलांडून इकडे येतात.