बहिरा उम्फ्रा आणि पाणउड्या

उम्फ्रा आमच्या शेतावर गडी म्हणून आला तेव्हा त्याला ठेवून घ्यायला सगळ्यात जास्त विरोध माझाच होता.

"बहिरा गडी काय कामाचा, वहिनी? हाक मारली तर ऐकू जायचं नाही त्याला."

बेगूवहिनी पावाचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "तुझ्या हाका ऐकू येणारे तीन गडी पळून गेले, मार्गेद. हा तरी टिकेल."

तर उम्फ्रा टिकला.

तो डोंगरापलीकडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतला माणूस. उभं आयुष्य खडकाला भोकं पाडून त्यात दारू ठासण्यात गेलं आणि त्यातच कान गेले. सुरुंगाआधी खाणीत भोंगा वाजतो, तोही ऐकू येईनासा झाला, तेव्हा मुकादम म्हणाला, "उम्फ्रा, एक दिवस तुला टोपलीत गोळा करावं लागेल. घरी जा." घर नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे आला. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचा. स्वतः बोलायचा ते मात्र पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं. चॅपलमध्ये पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली की शेजाऱ्याच्या कानात कुजबुजायचा, "म्हातारा आज जेवला नाही वाटतं," आणि ते मागच्या बाकापर्यंत पोहोचायचं. पाद्रीबाबांनाही.

आमच्या शेताला दोन कुरणं. वरचं दगडधोंड्यांचं, मेंढ्यांचे खूर झिजवणारं. खालचं काळ्या तळ्याच्या काठचं, गुडघाभर गवताचं. खालच्यावर आम्ही कुणी पाऊल टाकत नव्हतो, कारण तळ्यात पाणउड्या होता.

बाहेरचे लोक त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. अंग बेडकाचं, पण चांगल्या पोसलेल्या डुकराएवढं. पुढच्या पायांच्या जागी वटवाघळाचे पंख. मागचे पाय नाहीतच, त्यांच्याऐवजी लांब शेपूट आणि शेपटीच्या टोकाला नांगी. हिवाळाभर तो तळाच्या चिखलात पडून असतो. काटेरी झुडपांवर पांढरा मोहोर आला की जागा होतो. कातडी वाळलेली त्याला सोसत नाही, म्हणून लख्ख उन्हात खोल जातो आणि आभाळ भरून आलं की वर येतो. पंखांनी उडता येत नाही, पण शेपटीने पाणी झोडपून उडी घेतली की पंख पसरून तो काठापर्यंत तरंगत येतो. जमिनीवर मात्र दोन-चार हात सरकला की दमतो आणि ओढत ओढत परत जातो. एक मेंढी खाल्ली की कितीतरी दिवस दिसत नाही.

एवढं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याची किंकाळी ठाऊक होती. ती जवळून ऐकली की माणूस मरतो, असं आम्ही धरून चाललो होतो. माझा भाऊ एलिस, म्हणजे वहिनीचा नवरा, त्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. आम्ही घरात किंकाळी ऐकली. काठावर त्याचा एक बूट मिळाला, बाकी काही नाही.

हे सगळं मी उम्फ्राला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून. त्याने मान डोलावली. बहिरी माणसं न कळलेल्या गोष्टीलाही मान डोलावतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

एका ढगाळ संध्याकाळी तो गळ घेऊन निघाला. वरच्या ओढ्यावर चाललाय असं मला वाटलं. मी बटाटे सोलत होते, तेवढ्यात किंकाळी आली. लोखंडी कढई खडकावर घासावी आणि त्याच वेळी कुणाचा तरी गळा कापावा, तसा तो आवाज. फडताळातल्या बशा खडखडल्या. वहिनीच्या हातातली चरवी पडली.

"उम्फ्रा कुठाय?" वहिनीने विचारलं.

मी हातातली सुरी टाकली. दोघी धावलो. शेजारचा तुदुरही त्याच्या बांधावरून धावत आला, हातात दाताळं घेऊन.

उम्फ्रा मांडीभर पाण्यात उभा होता. तोंडात पाईप, हातात काठी, नजर गळाच्या दोरीवर. आमचा मॉट कुत्रा मागे काठावर पोट टेकून सपाट पडलेला. आणि उम्फ्राच्या समोर पाण्यावर, एका वल्ह्याएवढ्या अंतरावर, दोन पिवळे डोळे होते, बशीएवढे. ते डोळे उम्फ्रावरून फिरले, काठावरून फिरले, पुन्हा उम्फ्रावरून फिरले. मग पाणी गोल फिरलं आणि डोळे खाली गेले. जाता जाता दोरी तोडून गेले.

उम्फ्राने तुटकी दोरी वर घेतली, वळला, आणि आमचे पांढरे पडलेले चेहरे त्याला दिसले.

"काय झालं?" तो गरजला. "कोण गेलं?"

रात्रीच्या जेवणाला ताकातले बटाटे होते. तुदुर घरी गेलाच नाही, आमच्या चुलीशी बसून राहिला. आमचं खालचं कुरण स्वस्तात घ्यायचं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. त्यामुळे झालेल्या प्रकाराने तो खूश नव्हता.

"सैतान बहिऱ्यांना खात नाही," तो म्हणाला. "चव लागत नसेल."

उम्फ्राने त्याचे ओठ वाचले. माझ्याकडे वळून विचारलं, "मॉट काय करत होता?"

"पडला होता सपाट. भित्रा आहे मेला. किंकाळी आली की नेहमी असाच पडतो."

"नेहमी? आणि अजून जिवंत आहे?" मग, त्याच्या मते हळू आवाजात, त्याने वहिनीला विचारलं, "मालकीणबाई, एलिसने काय केलं असेल?"

वहिनीने चमचा खाली ठेवला. "पळाला असेल. कोण नाही पळणार?"

"बेडूक पाहिलाय ना? मेलेल्या माशांचा ढीग पुढ्यात घाला, उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. जे हलतं तेवढंच त्याला दिसतं. आज तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला दिसत नव्हतो." त्याने बटाटा ताकात दाबला. "तो मारायला ओरडत नाही. तुम्हाला हलवायला ओरडतो."

 वहिनी उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही.

तुदुरला मात्र त्यातून अक्कल सुचली. म्हणजे त्याला तसं वाटलं. दोनच दिवसांनी त्याने कानांत लोकरीचे बोळे कोंबले आणि आपल्या मेंढ्या आमच्या खालच्या कुरणात घातल्या, वहिनीला न विचारता. किंकाळी आली. तुदुर खांबासारखा उभा राहिला. पण मेंढ्यांच्या कानांत बोळे नव्हते. त्या कुरणामागे उंच कडा आहे. किंकाळी त्या कड्यावर आपटून परत येते आणि मेंढ्यांना वाटतं धोका मागे आहे. मग त्या सरळ तळ्याकडे धावतात. तुदुरच्या दोन मेंढ्या गेल्या, आणि कळपाच्या रेट्याने तोही चिखलात पडला. उठून आमच्या अंगणात आला तेव्हा बोळे कानांतच होते.

"किती गेल्या?" मी विचारलं.

"काय?"

"अरे, किती गेल्या?"

"काय म्हणतेस?"

"वहिनी, बघ गं," मी म्हटलं, "गावात आता दोन बहिरे झाले."

उम्फ्राने मात्र थट्टा केली नाही. तुदुरला बसवून घेतलं, बोळे काढायला लावले आणि मेंढ्या कशा, कुठून कुठे पळाल्या ते खोदून खोदून विचारलं. मग म्हणाला, "मेंढ्यांना शहाणं करता येणार नाही. त्यांना अडवावं लागेल."

"माझ्या आजोबांनी लाकडी कुंपण घातलं होतं," मी म्हटलं. "एका पळापळीत मोडलं. दगडी बांध घातला तर त्यावर चढतात."

"पाटीच्या दगडावर चढून दाखवू देत."

हिवाळ्यात पाणउड्या चिखलात गेला तसा उम्फ्रा कामाला लागला. खाणीबाहेर टाकून दिलेल्या फरश्यांचे डोंगर आहेत, त्यातलं कुणीही न्यावं. घोड्यामागे गाडी बांधून तो छातीएवढ्या फरश्या आणायचा, पाणउड्या सरकेल त्याहून काठापासून दूर चर खणायचा, आणि एकेक फरशी उभी गाडून वरून तारेने शेजारणीशी बांधायचा. गुळगुळीत, काळीनिळी, पाय ठेवायला जागा नाही अशी भिंत. थंडीने त्याची बोटं फुटली. वहिनी रोज संध्याकाळी मेंढीच्या चरबीत मेण घालून लावायला द्यायची. आधी वाटी टेबलावर ठेवून जायची. पुढे पुढे स्वतःच लावून द्यायला लागली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

वसंतात, मोहोर आल्यावर, बर्फाने उचकटलेल्या चार फरश्या पुन्हा बसवायच्या राहिल्या होत्या. ते काम कुंपणाच्या बाहेरून, पाण्याच्या बाजूनेच व्हायचं. दुपारी ढग आले तोवर चौथीही बसली होती. वहिनी जेवणाचं फडकं घेऊन निघाली. उम्फ्रासाठी धावली ती संध्याकाळ सोडली, तर एलिस गेल्यापासून ती त्या पाण्याजवळ गेली नव्हती. मेंढ्या आत चरत होत्या, मी त्यांच्याबरोबर होते. वहिनी कडेच्या फाटकातून पलीकडे गेली, फाटक मागे लावून घेतलं आणि उम्फ्राच्या हातात भाकर देणार, तोच त्याची नजर तिच्या खांद्यावरून पाण्याकडे गेली. उथळ पाण्यातले मासे एकदम बाजूला फाकले होते. ऐकणारी माणसं असलं काही बघत नाहीत.

त्याने भाकर टाकली, वहिनीचे दोन्ही कान तळव्यांत दाबले आणि तिचं तोंड आपल्या कोटात खुपसलं. "हलू नका," तो म्हणाला.

किंकाळी आली. मी मॉटच्या शेजारी तोंडघशी पडले, मला सांगायला लाज वाटत नाही. मेंढ्या माझ्या दोन्ही बाजूंनी धावत खाली गेल्या आणि भिंतीवर धडकल्या. फरश्या घुमल्या. एकही हलली नाही.

दोन फरश्यांच्या फटीतून मला पलीकडचं दिसत होतं. पाणउड्या काठच्या दगडगोट्यांवर आला होता. पंख जमिनीला टेकलेले, गळा फुगतोय आणि बसतोय, नांगी वर उभी राहून डुलतेय. तो त्या दोघांकडे बघत होता आणि त्याला कुणी दिसत नव्हतं. मग वारा आला आणि वहिनीच्या ॲप्रनचं टोक फडफडलं.

त्याचं डोकं तिकडे वळलं.

उम्फ्राचे हात वहिनीच्या कानांवर होते, त्याला काही करता येत नव्हतं. वहिनीला काही दिसत नव्हतं. पण ॲप्रन ओढला जातोय हे तिला कळलं असणार. तिची बोटं हलताहेत हे मला आधी समजलंच नाही, इतक्या सावकाश ती सरकत होती. एकेक घडी करत तिने ते कापड मुठीत घेतलं. मग मूठही थांबली.

पाणउड्या वाट बघत राहिला. त्याच्या पाठीवरची चकाकी वाऱ्याने कमी कमी होत गेली. शेवटी कातडी पांढुरकी दिसायला लागली, तसा तो वळला आणि फाटकी होडी ओढत न्यावी तसा पाण्यात गेला.

वहिनी बाजूला झाली. चेहरा लाल, केस विस्कटलेले. तिने कोटाकडे बोट दाखवलं. "हा धुतला होतास कधी?"

"खाणीत असताना," उम्फ्रा म्हणाला.

"आज दे मला," ती म्हणाली, आणि खाली पडलेली भाकर झटकून त्याच्या हातात दिली.

त्या उन्हाळ्यात गवत कापून झाल्यावर त्यांचं लग्न झालं. पाद्रीबाबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उम्फ्रा "हो" म्हणाला, आणि चॅपलबाहेर बांधलेले घोडे बुजले.

तुदुरने पुढे त्याच्याकडून आपल्या बांधालाही तसंच कुंपण घालून घेतलं. बदल्यात तीन हिवाळे आमचं वाळलं गवत वाहून दिलं. त्यानेच एकदा विषय काढला. "तुला दारू ठासता येते, उम्फ्रा. तळ्यात एक सुरुंग लाव आणि संपव एकदाचं. एलिससाठी तरी."

उम्फ्राने वहिनीकडे पाहिलं. ते तिनेच ठरवायचं होतं.

"एलिसवर त्याचा राग नव्हता," वहिनी म्हणाली. "त्याला भूक होती. मेंढ्या आत आहेत, मी आत आहे. राहू दे."

पाटीची धूळ कुणाला सोडत नाही. उम्फ्राच्या छातीत ती आधीपासून होतीच. शेवटची दोन वर्षं तो कुंपणापर्यंत चालत जायचा आणि फरशीला टेकून दम खायचा. गेला तो घरच्या बिछान्यात, वहिनीचा हात हातात असताना. त्या दिवशी तिच्या ओठांवरून त्याने काय वाचलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

खालच्या कुरणात आता आमच्याच मेंढ्या चरतात. यंदा मोहोराच्या दिवसांत मी आणि वहिनी आत बसून लोकर निवडत होतो, तेव्हा पाण्यावर मोठी पाठ दिसली आणि त्या पाठीवर कोंबडीएवढी तीन पिल्लं. त्यातलं एक ओरडलं. गंज चढलेली बिजागरी करकरावी, एवढंच निघालं त्यातून. एका मेंढीने मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली.

"शिकेल," वहिनी म्हणाली, आणि लोकरीतला काटा काढून टाकला.