अंगठ्यांनी झाकलेला कडा

गिट्टी खदानीच्या ठेकेदारानं डोंगरावरच्या म्हाताऱ्याला फसवलं. जाणूनबुजून फसवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण मंगरूळपीरच्या बाजारात आता लोक म्हणतात, म्हाताऱ्यालाच कागद कळला नाही.

तुम्हीही त्याला बसस्टँडजवळ पाहिलं असेल. खांद्यावर मधानं भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा, आणि सौदा सुरू झाला की गिऱ्हाइकाकडे सरळ पाठ. भाव करताना समोरच्याचं तोंड पाहायचं नाही, हा त्याच्या लोकांचा नियम. तोंडावर माणसाची गरज दिसते. ती पाहून भाव करणं त्यांच्यात चोरी.

मी सायकलवर डिंकाची पोती वाहून दुकान उभं केलं. समोरच्याचं तोंड वाचण्यावरच माझं पोट. तो तुंब्यामागे दोन विळे मागायचा. मी एक म्हणायचो आणि त्याच्या पाठीमागे तोंड वेंगाडायचो.

"तोंड सरळ कर, लेका," तो न वळता म्हणायचा.

"तुले कसं दिसलं, बाबा?"

"आवाज वाकडा आला."

मी चिडून दोन्ही विळे फळीवर आपटायचो. तो त्यांची धार बोटानं सावकाश तपासायचा. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी ओरडलो की म्हणायचा, "घाई माशीले बी नाई."

आसेगावच्या पुढे रस्ता संपतो आणि अर्ध्या दिवसाची चढण लागते. वर मोजकी घरं. ती माणसं खाली उतरत नाहीत. बोलायला एकालाच पाठवतात. त्यानं उतरताना आपलं नाव वर ठेवून यायचं. म्हणून त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी आई गेली तेव्हा तेरवीनंतर तो दुकानात आला. तुंबा ठेवला, विळे मागितले नाहीत. म्हणाला, "चाल वर."

त्यांच्या वस्तीमागे उभा कडा आहे. होता. त्यावर आग्या मोहोळाची पोळी ओळीनं लटकलेली. त्यांच्यात माणूस गेला की सगळ्यात जवळच्यानं एका पोळ्याखाली उभं राहून त्याचं नाव हळूच सांगायचं. मग ते नाव माशा सांभाळतात, माणसानं पुन्हा उच्चारायचं नाही. खालच्या दगडावर काजळीचा अंगठा उमटवायचा. अंगठा म्हणजे, याला हात लावू नका. त्या पोळ्याचा मध कुणी काढत नाही. माशा पावसाळ्यात जातात, नंतर पुन्हा तिथंच येतात.

त्याची बायको तिसऱ्या पोळ्यात होती. "लय बोलायची," तो म्हणाला. "आता बी गप्प नाई." आणि पोळ्याची घूं घूं ऐकत हसला.

मी आईचं नाव सांगितलं. अंगठा लावला. उतरताना त्यानं माझा हात धरला होता. मी रडत होतो आणि पाय घसरत होते.

आता माझी चूक. ठेकेदार माझ्या दुकानात चहा प्यायला बसायचा. मोठा माणूस आपल्या फळीवर बसतो याचा मला माज. मी त्याला ही सगळी हकिकत रंगवून सांगितली. आपल्यावर त्या लोकांचा किती विश्वास आहे, हे दाखवायला सांगितली. काजळीच्या अंगठ्यावर त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा समजावलं.

महिन्याभरात म्हातारा आला तो खुशीत. अंगठा निळा.

"खदानवाला आलता. कागदावर आमचा कडा काढेल होता. मले म्हने, जिथं जिथं तुमची मानसं हायेत, तिथं लाव."

"मग?"

"सगळा झाकून टाकला ना! तुई माय बी झाकली. आता कोनी हात लावत नाई."

मी त्याला तिथंच सोडून धावलो. ठेकेदार अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"तो नाही म्हणून राह्यला होता," मी ओरडलो. "तुले माहीत होतं!"

"भाऊ, अंगठा म्हंजे अंगठा. म्या काय त्याचा हात धरला?" तो हसला. "आन शिकवलं कोनं? तूच ना?"

मी त्याची गचांडी धरली. त्याच्या माणसांनी मला रस्त्यावर फेकलं. मी कचेरीत अर्ज दिला. अर्जावर शिक्का बसायच्या आत कड्याला सुरुंग लागला.

दोन दिवस आसेगावच्या आभाळात माशांचे काळे लोट फिरत होते. लोकांनी दारं लावून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हातारा आला, रिकाम्या हातानं. चेहरा दंशांनी सुजलेला. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. मी सगळं कबूल केलं, ते मात्र त्यानं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं:

"तुई माय आता कोठी राहीन?"

तो गेला. त्यानंतर डोंगरावरून कुणीच उतरलेलं नाही. मी दोनदा वर जाऊन आलो. घरं आहेत, चुली थंड आहेत.

ठेकेदारा, तू हे वाचणार, कारण मी तुझ्या फाटकावर चिकटवणार आहे. गुपित मी फोडलं. हे मी भर बाजारात, तुझ्या शेजारी उभा राहून सांगीन. तू फक्त एवढं सांग: तो अंगठे लावत होता तेव्हा तो नाही म्हणतोय, हे तुला कळत होतं की नव्हतं? वकील पाठवू नको. तू ये. तुझ्या तोंडानं सांग.