समोरच्या खिडकीतला उजेड

सीन नदीवरून धुकं चढलं होतं आणि आम्लाची बाटली दगडासारखी गार पडली होती. अन्सेल्मनं ती शेगडीशी शेकली. मग छापायच्या चित्रासाठी मेण चढवून सुईनं कोरलेला तांब्याचा पत्रा पसरट भांड्यात ठेवला, वर आम्ल ओतलं. रेघांवर बुडबुडे धरले. तो हंसाच्या पिसानं ते सारू लागला.

सगळी विद्या वेळेची. पत्रा दोन मिनिटांत बाहेर काढून लांबचे मनोरे वार्निशनं झाकायचे, म्हणजे तिथं आम्ल पुढं खात नाही. रेघ केसाएवढी राहते, धुकं आपसूक उतरतं. जवळचं घर मात्र आम्लाला तासभर खाऊ द्यायचं.

जवळचं घर समोरचंच. रुंद रस्त्यासाठी आज पाडणार होते. तिसऱ्या मजल्यावर परटीण उर्स्यूल तीस वर्षं राहिली. "माजी खिडकी तेवढी ऱ्हाऊ द्या चित्रात," ती म्हणाली होती. "दुसरं काय उरतंय माजं?"

धडाड! छपराची तुळई कोसळली. अन्सेल्म पीस हातात तसंच धरून खिडकीकडं धावला. बघता बघता तिसरा मजला गेला. मागून पिवळा धूर नाकाला झोंबला, तेव्हा पत्रा अजून आम्लातच असल्याचं त्याला आठवलं.

पत्रा धुतला, शाई भरली, दाबयंत्राखालून कागद काढला. लांबचे मनोरे काळेकुट्ट होऊन गल्लीवर ओणवले होते. धुक्याचा पत्ता नव्हता. आणि खिडकी? तिथं अंधारासाठी त्यानं दाट आडव्या-उभ्या रेघा विणल्या होत्या. आम्लानं त्यांच्यामधलं तांबंच खाल्लं. शाई धरायला कडा उरली नाही. पांढुरका डाग तेवढा उमटला. पुन्हा काढायचं म्हटलं, तर बघायला घर कुठं होतं?

जिन्यावर पावलं वाजली. कागद लपवायला वेळच मिळाला नाही.

"बगू द्या की वो, मस्यू! नवरीवानी काय झाकताय?" उर्स्यूलच्या केसांत चुना होता.

"बिघडलंय, मादाम. माझीच चूक."

ती वाकली. खिडकीतल्या पांढुरक्या डागाजवळ तिनं बोट नेलं.

"दिवा लावलाय की," ती हळूच म्हणाली. "पर मी तर हितं हाय. मंग आत कोन बसलंय?"

बाहेर आणखी एक भिंत कोसळली. शेगडीजवळची बाटली किणकिणली.

"असू द्या," उर्स्यूल म्हणाली. "बसू द्या त्याला. घालवू नका."

त्यानं मान डोलावली, कागद तसाच वाळत घातला, पीस उचललं आणि बादलीतल्या पाण्यात खळबळून धुवायला घेतलं.