पोळपाटाचा खळगा

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मी बायकोला न सांगता तिचा लग्नापासूनचा पोळपाट पिशवीत घातला आणि अमरावतीतल्या एका लेझरवाल्या बाईंकडे नेला. त्यावर बायकोचं नाव कोरून घ्यायचं होतं. संध्याकाळी ती पोळ्या कशावर लाटणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बाईंचं यंत्र शिलाई मशीनएवढं, टेबलावर मावणारं. पोळपाट लग्नाइतकाच, पंचवीस वर्षांचा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी हिरवा चष्मा कपाळावर सरकवला, पोळपाटाचा वास घेतला आणि त्यावरून तळहात फिरवला. हात मधोमध थांबला.

"मधात खोल झाला ना हा, भाऊ. लेझरले सपाट जागा लागते."

"मग रंधा मारा," मी कारागिराच्या थाटात म्हणालो.

"रंधा मारला तं पंचवीस वर्सं भुशात जातीन. मी नाई करत. घरी इचारलं का तुमी?"

"सरप्राइज आहे."

"हं," म्हणून त्यांनी पोळपाट उलटा केला आणि तीन पायांमधली जागा बोटांनी मोजली. लेझरचा निळा ठिपका लाकडावर सरकू लागला. धुराला करपलेल्या पोळीचा वास होता. इतकी वर्षं मी त्याच पोळपाटावरच्या पोळ्या खाल्ल्या, पण त्याचा खळगा मला एका परक्या बाईनं दाखवला.

घरी बायको ओट्यावरच लाटत होती. तिनं मागचं नाव वाचलं, पोळपाट सुलटा केला आणि त्यावर पीठ भुरभुरलं.

"नाव कायले टाकलं?" ती म्हणाली. "या घरात दुसरं लाटते कोन?"